बत्ताशाचा भोंगा

साखर कारखान्याच्या कॉलनीत राहिलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पाण्याची टाकी एक, पिठाची गिरणी एक, आणि सगळ्यांनी उठायचं, जेवायचं, झोपायचं तेही एकाच भोंग्यावर! शेजारी काय शिजलंय आणि कोण कुणावर रुसलंय हे भिंतीतून आपोआप ऐकू येतं. आता आम्ही सगळे रिटायर झालोय. कधी श्रीरामपूरला, कधी कोपरगावला, कुणाच्या तरी घरच्या लग्नात भेट होते. आधी गुडघ्यांची चौकशी, मग बीपीची, मग सुनांची. तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, "पाठकसाहेबांचा बत्तासा आठवतो का रे?" झालं! मग मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले तरी आमचं कोंडाळं हलत नाही.

मी तेव्हा लॅबमध्ये होतो, उसाचा रस तपासायचं काम. लग्न व्हायचं होतं. समोरच्या क्वार्टरमध्ये पाठकसाहेब राहायचे. ते आमचे टाइमकीपर. गेटवर कुणी उशिरा आला तर पाठकसाहेब त्याला काही बोलायचे नाहीत, नुसते घड्याळाकडे बघायचे. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या! आवाज तर इतका हळू की फोनवर लोक "हॅलो, हॅलो" करून कंटाळायचे आणि ठेवून द्यायचे. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाठकवहिनींना मूलबाळ नव्हतं. कॉलनीभर जीव लावून झाला तरी त्यांच्याकडे तो पुष्कळ उरायचा.

* * *

बत्तासा नगरहून आला. तिथल्या कँपातल्या कुणा मिलिटरी साहेबाची लांब बदली झाली, त्यानं आपला पांढरा पॉमेरियन वहिनींच्या भावाच्या गळ्यात मारला आणि भावानं तो बहिणीच्या. आणायचा कसा? तर एसटीनं, कापडी पिशवीत घालून!

"पिशवीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"बत्तासे," भाऊ म्हणाला. बहिणीकडे निघालेला माणूस, दुसरं काय सुचणार?

राहुरीच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली आणि पिशवी भुंकली. सगळी एसटी वळून बघायला लागली. कंडक्टर शांतपणे मागे आला, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाव्हणं, बत्तासे भुंकत्यात व्हय?"

त्यानं हाफ तिकीट फाडलं. नाव मात्र तिथंच पक्कं झालं.

* * *

मिलिटरी साहेबाच्या बायकोनं त्याला बिस्किटांवर वाढवलेला. त्यात आमची कॉलनी साखर कारखान्याची. कुणाच्याही दारात जा, पाण्याच्या आधी काहीतरी गोड हातावर पडणार. बत्तासा सकाळी फेरीला निघाला की एकीकडे शिरा, दुसरीकडे गुळाचा खडा, तिसरीकडे कालचा लाडू, आणि घरी येऊन वहिनींच्या हातची दूधपोळी. महिन्याभरात तो चालताना पोट आधी वळायचं आणि कुत्रा मागून!

एक दिवस त्याला धाप लागली आणि तो पायरीच चढेना. वहिनी घाबरल्या. आमच्याकडे डॉक्टर म्हणजे गुरांचा. आयुष्य बैल आणि म्हशी तपासण्यात गेलेलं. त्यानं बत्ताशाला एका तळव्यावर ठेवलं, दुसऱ्या हातानं दाबून बघितलं.

"साहेब, हे कुत्रं न्हाई, हे भरलेलं पोतं हाय. ह्याचं खानं आवरा. न्हाईतर हे पुढचा सीझन काय बघत न्हाई."

वहिनींचे डोळे तिथल्या तिथं भरले. पाठकसाहेबांनी सवयीनं घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "आवरतो."

* * *

त्या माणसाला आवरणं म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती, भोंगा! बॉयलरच्या वाफेवर वाजणारा आमचा भोंगा पाळी बदलताना व्हायचा. पहाटे चार, दुपारी बारा, रात्री आठ. पाठकसाहेबांनी ठरवलं की बत्तासा बाराच्या आणि आठच्या भोंग्याला जेवेल. मधे काही नाही. कॉलनीत घरोघर जाऊन त्यांनी हे स्वतः सांगितलं. आवाज ऐकू न आल्यामुळे वहिनींनी मागून फिरून पुन्हा सांगितलं.

भाकरी-ताकाची ताटली आधीच समोर ठेवायची, बोट वर करायचं, "थांब!" म्हणायचं, आणि भोंगा वाजला की बोट खाली. पहिले काही दिवस बत्ताशाची लाळ पायरीवरून अंगणात आली. पण खरी अडचण दुसरीच होती. समोर पाठकसाहेब स्वतः कांदाभजी खात बसायचे!

"आधी तुम्ही थांबून दाखवा," वहिनी म्हणाल्या. "त्याला काय दिसतंय समोर?"

तेव्हापासून साहेबांचं ताटही भोंग्याच्या आधी वाढून तयार. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचो. पाटावर पाठकसाहेब, शेजारी मी, दारात बत्तासा. तिघांच्या समोर वाढलेलं. साहेबांचा हात हळूच भज्याकडे सरकला की वहिनी स्वयंपाकघरातून न बघता ओरडायच्या, "थांब!"

तिघंही मागे सरकायचो. मी तर नंतर लॅबमध्येसुद्धा बारा वाजेपर्यंत डब्याला हात लावायला दचकायला लागलो.

* * *

कुत्रा मात्र सुधारला. धाप गेली, पायऱ्या चढायला लागला, आणि एकदा सवय लागल्यावर जगात काहीही झालं तरी भोंग्याशिवाय तोंड लावेना.

पाठकांकडे सत्यनारायण होता. नेवाशाहून गुरुजी आले. पूजा झाली, कथा झाली, शिऱ्याचा प्रसाद वाटला. वहिनींनी बत्ताशापुढेही ठेवला. बत्तासा बसून राहिला. प्रसादाकडे बघेसुद्धा ना! प्रसाद नाकारणाऱ्याचं काय होतं हे आत्ताच कथेत ऐकलेलं, त्यामुळे वहिनींचा चेहरा उतरला.

"गुरुजी, यानं प्रसाद घेतल्याशिवाय तुम्ही उठू नका हो!"

गुरुजींना पुढच्या गावी दुसरी पूजा होती. पण यजमानीण रडवेली झाल्यावर करतात काय? सोवळं नेसून ते कुत्र्यासमोर बसून राहिले. त्यांची एसटी गेली. बाराचा भोंगा झाला, बत्ताशानं प्रसाद चाटून पुसून खाल्ला आणि वहिनींनी पुन्हा नमस्कार केला.

गुरुजी पिशवी उचलत म्हणाले, "पाठक, पुढच्या वर्षी मुहूर्त मला विचारू नका. तो तुमचा बॉयलरवाला काढेल!"

* * *

बॉयलरवाला म्हणजे साळवेमामा. श्रीरामपूरकडचा दणकट माणूस, भोंग्याची दोरी त्यांच्या हातात. पण ती ओढायची केव्हा, तर पाठकसाहेबांच्या ऑफिसातून निरोप आल्यावर. त्याआधी नाही.

नाताळ झाल्यावर मामा घरचा केक घेऊन आले. गेटवर पाठकसाहेबांना दिला, आणि पाळीतून जरा सवड काढून एक तुकडा बत्ताशासाठी घरीही घेऊन गेले. बत्ताशानं वास घेतला, डोळे घट्ट मिटले आणि मान फिरवून बसला.

"वहिनी, आमच्यात उपास ईस्टरच्या आदी असतो. ह्यानं तर नाताळातच धरला!"

मामा हसत हसत बॉयलरवर परतले खरे, पण त्यांचं चित्त लागेना. आणि थोड्या वेळानं भोंगा झाला! बारा वाजायला चांगला अवकाश होता. माणसं डबे उचलून गेटकडे निघाली, पुढच्या पाळीची माणसं अजून घरी अंघोळ करतायत, गव्हाणीच्या पट्ट्यावर ऊस चढतोय आणि बघायला कुणी नाही! चीफ इंजिनिअर धावत टाइम ऑफिसात आले.

"पाठक, भोंगा कुणी सांगितला?"

दारात साळवेमामा टोपी चुरगाळत उभे होते. पाठकसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग आपल्या घड्याळाकडे बघितलं, जे आयुष्यात कधी चुकलं नव्हतं.

"माझं घड्याळ पुढे होतं," ते म्हणाले.

इंजिनिअर गेल्यावर मामा पुटपुटले, "साहेब, त्याच्या त्वांडाकडं बघवंना वो."

"मला दोन महिने झाले," पाठकसाहेब म्हणाले, "मी रोज बघतोय."

* * *

ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. कालव्याला पाणी नाही, शेतात उभा ऊस वाळला, बराचसा गुरांनी खाल्ला. होळीच्या आधीच सीझन आटोपला. बॉयलर विझला, माणसं घरी बसली आणि भोंगा बंद झाला.

बंद म्हणजे बंद! वाफच नाही तर वाजणार काय?

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पहिल्या दिवशी बारा वाजून गेले, बत्तासा ताटलीसमोर बसलेला. पाठकसाहेबांनी बोट खाली केलं, "खा" म्हणाले. तो कारखान्याच्या चिमणीकडे बघत राहिला. रात्री आठलाही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. वहिनींनी थाळी वाजवली, मी शंख फुंकला. साळवेमामांनी ओळखीच्या ड्रायव्हरला गाठून आख्खी एसटी दारात आणली आणि हॉर्न वाजवायला लावला. बत्तासा एसटीवर भुंकला आणि परत येऊन ताटलीसमोर बसला.

बाहेर माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, मिळत होती. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "लोकांना घासाला घास नाही," त्या म्हणायच्या, "आणि हा समोरचं खात नाही. कुणाला तोंड दाखवू?" त्यांचंही जेवण सुटलं. बत्ताशाच्या फासळ्या हाताला लागायला लागल्या. आम्ही हसणं कधीच बंद केलं होतं.

पुन्हा डॉक्टर आला. त्यानं बत्ताशाला तळव्यावर घेतलं, हात वर-खाली करून वजन बघितलं आणि पाठकसाहेबांवर ओरडला, "साहेब, मी खानं आवरा म्हन्लं हुतं. बंद करा न्हवतं म्हन्लं!"

* * *

डॉक्टर गेला. पाठकसाहेब पायरीवर बसले. मग घड्याळ बघितलं, बाराला आलं होतं. उठून अंगणाच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि म्हणाले, "भों."

मी समोर होतो म्हणून मला ऐकू आलं.

बत्ताशाचा एक कान हलला.

"हालला!" साळवेमामा कुंपणावरून ओरडले. "साहेब, आसं न्हाई! आदी बारीक काढा, मग वाढवा! वाफ धरा, वाफ!"

पाठकसाहेबांनी छाती भरून घेतली. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि त्या माणसाच्या गळ्यातून असा भोंगा निघाला की चिंचेवरचे कावळे उडाले! घराघरातून माणसं बाहेर आली. दोघातिघांच्या हातात डबे होते.

आणि बत्तासा ताटलीवर तुटून पडला. वहिनी पदर तोंडाला लावून तिथंच मातीत बसल्या. साहेब अजूनही भोंगा धरून उभेच, कारण खरा भोंगा इतक्या लवकर थांबत नसे.

त्या दिवसापासून दुपारी बारा आणि रात्री आठ. एकदा त्यांचा घसा बसला तर कॉलनीभरच्या बायका आल्याचा काढा घेऊन दारात! कोण बत्ताशासाठी आलं होतं आणि कोण घड्याळ लावायला, देव जाणे. आम्ही सगळेच त्या भोंग्यावर जेवत होतो.

* * *

पुढच्या साली पाऊस झाला. ऊस उभा राहिला आणि दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटवायचा समारंभ ठरला. मांडव, केळीचे खांब, पेढे. चेअरमन आले, फेटेवाले डायरेक्टर आले. पाठकसाहेब बंद गळ्याच्या कोटात, डोक्याला काळी टोपी, पहिल्या रांगेच्या कडेला.

बाराला पहिला भोंगा व्हायचा होता. वहिनी बत्ताशाला काखेत मारून ताटलीसकट आल्या होत्या. "आता ह्यांच्या घशाला सुट्टी!" जो भेटेल त्याला सांगत होत्या. चेअरमनच्या कानावर या कुत्र्याची कीर्ती गेलेलीच होती. "बघू तरी," म्हणाले, आणि गळ्यातल्या हारासकट खुर्ची वळवून बसले. ते वळले म्हणून सगळे डायरेक्टर वळले.

वहिनींनी ताटली ठेवली. साहेबांनी बोट वर केलं. "थांब."

साळवेमामांनी दोरी ओढली. किती महिन्यांनी तो आवाज! माणसं टाळ्या वाजवायला लागली, म्हातारे डोळे पुसायला लागले. साहेबांनी बोट खाली केलं.

भोंगा वाजून थांबला. बत्तासा जागचा हलला नव्हता. त्यानं चिमणीकडे एकदा बघितलं, मग मान वळवली आणि पाठकसाहेबांच्या तोंडाकडे बघत बसला.

मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

"भोंगा झाला की," चेअरमन म्हणाले. "मग खात का न्हाई?"

"तो यांची वाट बघतोय," वहिनी अगदी हळू म्हणाल्या.

पाठकसाहेबांनी डावीकडे चेअरमनकडे बघितलं, उजवीकडे डायरेक्टरांकडे बघितलं, मग खाली बत्ताशाकडे. टोपी काढून माझ्या हातात दिली. कोटाचं गळ्याजवळचं बटण सोडलं.

बॉयलर हाउसच्या दारातून साळवेमामांची आरोळी आली, "वाफ धरा साहेब, वाफ!"