एक मुलगी, दोन ग्रामपंचायती

तो निनावी अर्ज मी अजून विसरलेलो नाही. कोपरगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी होतो. अर्जात लिहिलं होतं, अमुक बाईनं मुलगी विकत आणली आहे. सासरी पोटची सांगते आणि माहेरी दत्तक दाखवून ग्रामपंचायतीची मदत उचलते.

निनावी अर्ज म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी पोटदुखी. पण मूल विकत आणल्याचा आरोप बाजूला ठेवता येत नाही. माहेरच्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथं ठराव होता की गावातल्या कुटुंबानं दिव्यांग मूल दत्तक घेतलं, तर उपचाराला दरवर्षी मदत द्यायची. बाईनं तिथला रहिवासी दाखला आणि दत्तक आदेशाची झेरॉक्स जोडली होती; झेरॉक्स खरी की खोटी ते तिथं कुणी तपासलं नव्हतं. राहत होती मात्र दोन गावं पलीकडे, सासरी. सासरच्या ग्रामपंचायतीत असा ठरावच नव्हता. तालुका एक, कायदा एक, पण मदत कोणत्या शिवारात राहता त्यावर.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. नवरा साखर कारखान्यात कामावर, सासू रानात. चार वर्षांची मुलगी ओट्यावर खेळत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाई तिला हाक मारायची ती पायानं फरशी वाजवून, आणि पोर लगेच वळायची.

"पोटचीच हाय साहेब. म्हायेरी बाळंत झाले. गावात कुनालाबी इचारा."

मी अर्जाची प्रत पुढं ठेवली. वाटेवर सासू दिसते का ते तिनं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आत्याबाईंना कळू देऊ नका. माजं काय करायचं ते करा."

मी चिडलो, हे कबूल करतो. म्हणालो, "खरं सांगितलं नाहीस तर मुलीला बालकल्याण समितीपुढं न्यावं लागेल. चौकशी संपेपर्यंत ती तुझ्याकडे राहणार नाही." तिनं पोरीला असं घट्ट धरलं की पोर रडू लागली.

तेवढ्यात दारात घासाचा भारा पडला. सासू परत आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"दत्तकच हाय," म्हातारी म्हणाली. "मला पयल्यापासून ठावं हाय. बाराव्या दिशी बाळंतविडा घेऊन हिच्या म्हायेरी गेल्ते. लेकरू पालथं पडत हुतं. बारा दिसाचं लेकरू पालथं पडतं व्हय, साहेब? गावात मीच सांगितलं, पोरगी अंगानं भरल्याली हाय."

सून तिच्याकडे वळली. "मग बोलला का न्हाई, आत्याबाई?"

"तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतंस. मी वाट बगत हुते."

सून पेटीजवळ गेली आणि साड्यांखालून मूळ दत्तक आदेश काढून तिनं माझ्या हातात दिला. मी जिल्ह्याच्या कार्यालयातून पडताळणी केली. आदेश अस्सल होता, त्यावर नवऱ्याचंही नाव होतं. खोटा होता तो फक्त रहिवासी दाखला. जबाब नियमानुसार नोंदवला. नवऱ्यानं मदत परत भरली, माहेरच्या ग्रामपंचायतीनं तक्रार केली नाही आणि अर्ज निकाली निघाला. पोर आईजवळच राहिली.

पुढच्या महिन्यात सासरच्या गावात ग्रामसभा होती. पाण्यावरून वाद होईल म्हणून आम्ही बंदोबस्ताला होतो. पाण्याचा विषय संपला आणि म्हातारी उभी राहिली. "माजी नात दत्तक हाय. तिला ऐकू येत न्हाई. दोन गावं पल्याड मदत मिळते, मंग हितं का न्हाई?"

सून खाली मान घालून बसली होती. मग मागून दुसरी एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "ठराव करनारच असाल तर माज्या नातवाचं बी नाव घाला. त्यो बी दत्तकच हाय, पायानं अधू." सुनेनं मान वर केली. ठराव त्याच दिवशी झाला.

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. त्यातलं पुष्कळसं खोटं लोक कुणाच्या तरी धाकानं बोलले होते. त्या घरानंतर मी जबाब घेताना आधी विचारू लागलो, हे कुणाला कळायला नको आहे? आणि जमेल तिथं त्या माणसालाही भेटून येऊ लागलो. त्यातले बरेच जण त्या सासूसारखे निघाले, सगळं आधीच ठाऊक असलेले.