लॅपटॉपचा स्टँड आणि बाबांचा पेचकस

मंडळी, मान दुखते म्हणून ऑनलाइन एक स्वस्तातला लाकडी लॅपटॉप स्टँड मागवला होता. आज दुपारी आला.

खोका उघडल्याबरोबर बाबांनी तो ताब्यात घेतला. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी पनवेलच्या आमच्या घरातलं सगळं फर्निचर त्यांनी स्वतः बनवलंय. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, स्टँड उलटा केला.

"लाकूड कसलं, दाबलेला भुसा आहे. वर नुसता कागद चिकटवलाय. आणि हा पाय बघ, हलतोय. पेचकस आण."

आणून दिला. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. घसरून वरच्या कागदावर ओरखडे उठले. पुन्हा घसरलं, तसा त्यांनी पेचकस माझ्यापुढे धरला.

"तूच कर. जास्त जोर लावू नकोस, भुसा आहे, आटे जातील."

बाबांनी आजवर आपला पेचकस कुणाला वापरायला दिला नव्हता.

मी जमेल तसं पिळलं. त्यांनी तळव्याने दाबून पाहिलं. पाय अजूनही हलत होता, मला स्पष्ट दिसलं. शाळेत असताना मी ठोकलेला खिळा जरा तिरका गेला, तरी काढायला लावणारे माझे बाबा म्हणाले, "छान झालं," आणि आत जाऊन आडवे झाले.

तुमच्या घरातलं कडक माणूस असं अचानक चुका काढायचं थांबलं, तर तुम्ही त्याच्याशी काय बोलता?