माहुलच्या हेमाचं उत्तर

आमच्या घाटकोपरच्या कॉलेजची बीएस्सीची बॅच जमली की मार्कांचं कोणी बोलत नाही. किस्से मात्र फक्त कॉम्प्युटर लॅबचे, आणि दर वेळी एखादा वाढतोच!

लॅबमध्ये आठ टर्मिनल, फुल एसी. चपला बाहेर, तोंड बंद. वर्गात कोणी प्रश्न विचारत नाही म्हणून देवधर सरांनी 'चर्चा' नावाची एकच फाइल सगळ्या टर्मिनलवर उघडून दिली. जो तो त्यात लिहिणार, बाकीच्यांनी वाचून उत्तर द्यायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पहिला प्रश्न आमच्या बंड्याचा: "सर, एसी कमी करा ना." खाली सात जणांचं "हो". सर दोन हातांच्या अंतरावर बसले होते, पण त्यांनीही टाइपच केलं, "प्रश्न सिलॅबसबाहेरचा आहे."

*

बंड्या आणि आमच्याच बॅचचा परब त्या फाइलमध्ये दहा दिवस कचाकचा भांडले. कँटीनमध्ये मात्र एक कटिंग दोघांत! मी विचारलं तर परब म्हणाला, "सरांनी सांगलेला ना, चर्चा फाइलीतच करायची."

*

हेमा माहुलच्या कोळीवाड्यातली. वर्गात एकदाच बोलली होती. तिच्या कोळी बोलीवर पोरं हसली, मीही हसलो. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही.

फाइलमध्ये मात्र तिने माझ्या प्रोग्रामची पार वाट लावली. "तुझा लूप थांबतच नाही. निदान तू तरी थांब."

मी कसला थांबतोय!

*

मग मी मुद्दाम चुका करायला लागलो. चूक केली की ती लिहायची. घरी गेल्यावरही तिच्या ओळी आठवत बसायचो. ती आवडायला लागली होती मला, यार. पण बाहेर चपला घालताना शेजारी उभी असायची आणि माझी मान खाली.

सर म्हणाले, "परवापर्यंत येत होतं ना रे तुला?"

*

शेवटच्या दिवशी सगळ्यांदेखत फाइलमध्ये लिहिलं, "हेमा, तेव्हा हसलो ते चुकलं. आता समोर बोलशील का माझ्याशी?" आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिलो.

एकेक जण निघून गेला. ती सगळ्यात शेवटी आली. सँडलचा पट्टा लावला, पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि तिच्या त्याच बोलीत म्हणाली, "आत लिवलंय." आणि झपाझप जिना उतरली.

मी चपला काढून आत धावलो. सर टर्मिनल बंद करत होते.

"फाइल पुसली रे आत्ताच, नव्या बॅचसाठी. तुझं काही राहिलं होतं का?"

मी तसाच अनवाणी स्टॉपपर्यंत पळालो. माहुलची बस सुटली होती.