वीतभर माती आणि स्मृतिचषक

मी त्याचा कॅचर. म्हणजे तो पिचर, बॉल टाकणारा, आणि मी त्याच्यासमोर तोंडाला जाळी लावून उकिडवा बसणारा. तरुणपणापासून बसलो. गुडघे गेले माझे त्याच्यापायी. डॉक्टर म्हणतो जिने चढू नका, आणि राहतो मी चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद. तरी तो गेला तेव्हा पहिला विचार डोक्यात आला तो हाच, की आता मी कोणासमोर बसू?

बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. मुलुंडमध्ये बेसबॉल? हो, मुलुंडमध्ये बेसबॉल. तो महाराष्ट्राकडून खेळला. डावखुरा. त्याचा बॉल ऐन वेळी असा खाली बसायचा की समोरच्याची बॅट नुसती हवेत फिरायची आणि मी जाळीच्या आत हसू दाबायचो. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मागायला गेला, तर टेबलामागचा साहेब म्हणाला, "बेसबॉल? तो पिक्चरमध्ये असतो तो?" शेवटी भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटला आणि तिथूनच रिटायर झाला. उभ्या आयुष्यात कोणी गळ्यात हार घातला नाही, शाल तर लांबच राहिली.

पण रविवार सकाळ त्याची होती. वस्तीमागच्या मैदानात पोरापोरींना शिकवायचा, फुकट. लॉकडाऊनमध्ये याच माणसाने स्कूटरवरून साऱ्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची औषधं पोचवली, तेव्हाही डिकीत ग्लव्ह आणि बॉल असायचाच. मैदानाच्या मधोमध त्याने पिचरचा उंचवटा बांधलेला. पिचर सपाट जमिनीवरून टाकत नाही. वीतभर उंच मातीवर उभा राहतो, आणि उतारावर पाय टाकत बॉल सोडतो. सगळा जोर त्या उतारातून येतो. भांडुपला एक कुस्तीची तालीम बंद पडली, तिथली लाल माती हा पठ्ठ्या टेम्पोत घालून घेऊन आला. मग वर्षानुवर्षं ती धोपटायची, पाणी मारायचं, पावसाळ्यात वर ताडपत्री घालायची. वहिनी चिडायच्या, "घरातल्या तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलंत?" हा हसायचा आणि बादली उचलून चालू लागायचा.

गेला तो अचानक. सकाळी छातीत कळ, दुपारी संपलं. स्मशानात आम्ही जुने खेळाडू आणि त्याची मैदानातली पोरं, बाकी कोणी फिरकलं नाही. मग निवडणुकीचं वारं सुटलं आणि वॉर्डातल्या भाऊंना एकदम त्याची आठवण झाली. भाऊ म्हणजे कधीपासून नगरसेवक होणार होणार म्हणून बॅनरवर झळकणारे गृहस्थ. चार कार्यकर्ते घेऊन वहिनींकडे आले. मीही होतो.

"वहिनी, त्यांच्या नावाने जंगी स्मृतिचषक करू. आपला माणूस होता तो."

वहिनी म्हणाल्या, "मला काही नको हो. फक्त मैदानातल्या त्या मातीला हात लावू नका. पुढच्या महिन्यात पोरांची राज्याची निवड चाचणी आहे."

भाऊंनी छातीवर हात ठेवला. "शब्द दिला वहिनी. टेन्शनच घ्यायचं नाही."

चाचणीला तिघं जाणार होती, पण त्याचा जीव अडकलेला एका पोरीत. वस्तीतल्या शिलाईवाल्याची मुलगी, पिचर. शेवटचे कित्येक महिने हा दुसरं काही बोलतच नव्हता. "अरे, हिचा हात बघ! मी टाकला नाही तसा बॉल ही टाकणार." ती राज्याच्या संघात गेली की आपलं काम झालं, असं तो मला दर रविवारी ऐकवायचा.

मी भाऊंना विचारलं, चषक कसला? "कसला म्हणजे? क्रिकेटचा. बेसबॉलला कोण येणार, काका?" माझं टाळकंच सटकलं. पण वहिनींनी डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर जिन्यात म्हणाल्या, "जाऊ दे भावोजी. नाव तरी घेतायत ना त्यांचं."

आठवड्यात स्टेशन रोडला बॅनर लागला. भाऊ हे एवढे मोठे, हात जोडून. शेजारी बॉल टाकताना आमचा हा, छोटासा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली कार्यकर्त्यांच्या मुंडक्यांची रांग, तिच्यावर लिहिलेलं, 'शुभेच्छुक'. मेलेल्या माणसाला शुभेच्छा! आणि बॉल होता उजव्या हातात. मी तडक बॅनरवाल्याचं दुकान गाठलं. तो म्हणतो, "काका, फोटोत ते भाऊंकडे पाठ करून होते. बरं दिसत नव्हतं ना, म्हणून फिरवला." भाऊंकडे तोंड व्हावं म्हणून माणसाचा हात बदलला. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून ज्याने आईचा मार खाल्ला आणि तरी हात बदलला नाही, त्याचा!

चषकाच्या रविवारी मी वहिनींना रिक्षाने मैदानावर नेलं. मांडव, खुर्च्या, डीजे. मैदानाच्या मधोमध हिरवी मॅट अंथरलेली आणि दोन्ही टोकांना स्टंप. मी उंचवटा शोधत होतो. मॅटवर चाललो तेव्हा कळलं, मी त्याच्यावरच उभा आहे. सपाट.

छातीला बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्याला धरलं. "इथली माती कुठे गेली?"

"ते टेकाड? काका, मधोमध होतं ना. बॉल उडून एखाद्याचं थोबाड फुटलं असतं. खणून रोलर मारला."

"भाऊंनी शब्द दिलेला!"

"भाऊ बोलले ग्राऊंड एकदम टकाटक पाहिजे. माती वाया नाही घालवली हा. पार्किंगमधले खड्डे भरले त्याने."

त्याला वाटलं मी शाबासकी देईन. क्रिकेटवाल्याला काय दिसणार? मैदानात उंच काही दिसलं की त्याचा हात रोलरकडेच जातो. वाईट हेतू नव्हता हो त्याचा, आणि म्हणूनच जास्त संताप येतो. शिवी तरी कोणाला घालायची?

स्टेजवर वहिनींना शाल दिली, नारळ दिला. भाऊंनी भाषण ठोकलं, "त्यांचे सिक्सर आजही डोळ्यांसमोर आहेत." टाळ्या! आयुष्यात बॅट धरायला लागली की तोंड वाकडं करणारा माणूस तो. मी स्टेजमागे भाऊंना गाठून मातीचं सांगितलं. "अरेरे," म्हणाले, "एवढंच ना काका? दोन ट्रक माती पाठवतो." पुढच्या मिनिटाला पॅड न बांधताच बॅट घेऊन उद्घाटनाला उभे. पहिला बॉल माझ्या हातात देतायत, फोटोवाले तयार.

मी बॉल परत दिला. म्हटलं, "मी टाकत नाही. मी झेलतो."

माइकवाला म्हणाला, "काका भावुक झालेत." परत टाळ्या.

तेवढ्यात पोरं आली, नेहमीसारखी बॅगा घेऊन. आज सराव नाही हे त्यांना कोण सांगणार, मलाच सुचलं नव्हतं. आम्ही मांडवाच्या मागे गेलो. मी जाळी चढवून बसलो, गुडघे कुरकुरले. पोरीने सपाट जमिनीवरून बॉल टाकला. पुढे टाकलेला पाय तिच्या अंदाजाआधीच जमिनीला लागला, आणि बॉल माझ्या पुढ्यात आपटला. परत टाकला, परत आपटला. मग ती मान वाकवून कोपराने, खांद्याने, मिळेल तिथून जोर लावायला लागली. मी ओरडलो, "थांब! खांदा जाईल!" ती थांबली नाही.

दोन ट्रक माती आलीच नाही. मी भाऊंच्या ऑफिसात खेपा घातल्या, चहा मिळाला. मॅटच्या जागी सिमेंटचं पिच झालं, त्याला पाटी लागली, पाटीवर याचं नाव. चाचणीला पोरगी दुखरा खांदा घेऊन गेली. तिथला उंचवटा बघून बिचारीला रडूच आलं, म्हणे. निवड झाली नाही. आता ती बापाबरोबर शिलाईला बसते, आणि रविवारी येत नाही.

हे सांगायला मी वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी तणतणत होतो, या लोकांनी त्याच्या हयातीत कधी साधी दखल घेतली नाही, कधी ढुंकून बघितलं नाही.

वहिनींनी परातीतून मान वर केली नाही. म्हणाल्या, "बघितलं नाही म्हणून तर ती माती इतकी वर्षं जागेवर राहिली, भावोजी."