हिरवळीला जोडलेली विहीर

१९६५ साली बंगळूरच्या एका गोल्फ क्लबाचे सेक्रेटरी परदेशात समुद्रकाठच्या काळ्या लाव्हावर उभारलेलं मैदान पाहून आले आणि तशीच हिरवळ मागू लागले. तोवर इथे खळग्याभोवती गवत नव्हतं, चेंडू तेल घातलेल्या वाळूवर घरंगळत असे. माळी यल्लाप्पा ती वाळू पोतं ओढून सपाट करी. तिला पाणी लागत नसे. आता माळ्यांच्या वस्तीची विहीर पंप बसवून हिरवळीला जोडली गेली.

एप्रिलमध्ये त्याच्या बायकोच्या, चंपाच्या घागरीत गाळ आणि मेलेले बेडूक आले. "हे तुमच्या सायबाला पाजा," ती म्हणाली.

यल्लाप्पाने वस्तीसाठी पाणी मागितलं. "शनिवारी सामने आहेत. नंतर बघू," सेक्रेटरी म्हणाले.

यल्लाप्पाने पंप बंद केला. शनिवारपर्यंत हिरवळ पिवळी पडली आणि त्याची नोकरी गेली. सोमवारी गवतासाठी टँकर आला. तो वस्तीसमोरूनच गेला, थांबला नाही.