एका फळीचं मीठ

राजन्नानं दुकानाची एकच फळी काढली, तेव्हा मी समोरच्या मोहाखाली वही घेऊन बसलो होतो. बाजाराची ओळ बंद होती. उघडी असलेली ती एक वीतभर फट मला नोंदवावी लागणार होती, कारण त्याच कामासाठी चेंबरनं मला चांद्याहून लाकडाच्या लॉरीत बसवून इथे जंगलात पाठवलं होतं.

चेंबर म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना. रेल्वेकडे वॅगन मागायच्या, वजनकाटे तपासायचे, दोन व्यापारी भांडले की कोर्टाऐवजी लवाद बसवायचा, ही तिची कामं. मी तिचा पगारी सेक्रेटरी. साताऱ्याकडचा, नवा बी. कॉम., ऑफिसच्या वरच्याच खोलीत एकटा राहणारा. सभेत माझं काम मिनिट्स लिहिण्याचं, म्हणजे कोण काय बोललं ते टिपण्याचं. मत मला नव्हतं आणि विचारल्याशिवाय बोलायचीही पद्धत नव्हती. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट माझ्या मिनिट्समध्ये काना-मात्रेची चूक सापडत नाही, याची मला बऱ्यापैकी घमेंड होती.

त्या दिवशी नव्या विक्रीकराविरुद्ध जिल्हाभर हरताळ होता. नियम मीच लिहिला होता. शहरातलं दुकान असो की आठवडी बाजारातलं, सभासदानं खरेदी-विक्री करायची नाही. दानधर्माला मोकळीक. मोडेल त्याचा सहा महिने व्यवहार बंद. व्यवहार बंद म्हणजे एकाही सभासदानं त्याला माल द्यायचा नाही, त्याचा घ्यायचा नाही, त्याच्या घरी जायचं नाही. चेंबरच्या नोकरांनाही तेच.

नियम लिहिताना एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नाही. तो पावसाळ्याआधीचा शेवटचा बाजार होता. एकदा नद्या भरल्या की भामरागडकडची गावं चार महिने तुटतात. आत भात पिकतो, मोह मिळतो, मीठ मात्र मिळत नाही. आणि हरताळाची बातमी आमच्या पत्रकातून जंगलात पोचणार कशी? सात माडिया आदिवासी माणसं दोन दिवस चालून, डोक्यावर चारोळीच्या टोपल्या घेऊन आली होती आणि बंद फळ्यांपुढे उभी होती.

राजन्ना सिरोंच्याचा. तेलुगू बोलणारं घर, दुकान चांद्यात, दर आठवड्याला या बाजाराची फेरी. त्याला माडिया लोकांची भाषा येत होती. तो त्यांच्यातल्या म्हाताऱ्याशी थोडा वेळ बोलला आणि माझ्याकडे आला.

"सेक्रेटरी, हे रिकामे गेले तं चार महिने अळणी खातीन. मी दानात देतो. दानाले तं मनाई नाई ना?"

"दानाला नाही," मी म्हटलं. मलाही बरं वाटलं.

त्यानं फळी काढली, पोत्यातून मीठ मोजून सात ढीग केले. म्हातारा हलला नाही. त्यानं आपली टोपली पुढे सरकवली. राजन्नानं ती परत सारली. म्हाताऱ्यानं पुन्हा पुढे केली आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हनते, फुकटचं नेलं तं तुह्या दारात पुन्हा ताठ उभा कसा राहू? चारोळी घेत असशीन तं मीठ दे, नाई तं राहू दे." राजन्नानं कपाळ पुसलं. "तुमी पाहून राह्यले ना? मी काय करू आता?"

मी वहीत मान घातली. मी सल्ला द्यायला आलो नव्हतो, पाहायला आलो होतो. राजन्नानं खाली चादर पसरली. सात जणांनी आपापली चारोळी तिच्यावर ओतली आणि मीठ उचललं. मी वहीत लिहिलं : राजन्ना. मीठ दिले. चारोळी घेतली.

ते लिहिताना मला बरं वाटत नव्हतं, हे सांगून टाकतो. चांद्यात मी आठवड्यातून एकदाच पोटभर जेवत असे, ते शनिवारी राजन्नाच्या घरी. त्याची बायको नरसूबाई चिंचेचा भात करायची आणि मी नको म्हणेपर्यंत वाढायची. बाकीचे सभासद मला मान द्यायचे, खुर्ची द्यायचे. पाट फक्त त्या एका घरात मांडला जायचा. तरीही मी लिहिलं. वही त्यासाठीच होती.

चार दिवसांनी सभा भरली. अध्यक्ष मोतीशेठ, धान्याचे घाऊक व्यापारी. माझा अहवाल वाचून झाल्यावर ते राजन्नाला म्हणाले, "दान दिलं असन तं सांग. विषय खतम."

राजन्ना म्हणाला, "सेक्रेटरी होते तिथी. त्याइलेच विचारा."

मोतीशेठ माझ्याकडे वळले. "बदल्यात काही घेतलं का यानं?"

"हो. चारोळी घेतली."

"सगळ्याइची?"

"सगळ्यांची."

तिथे मी थांबलो. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पण कुणी विचारलं नाही आणि मी सेक्रेटरी होतो. हात वर झाले, ठराव पास झाला. त्याच्या मिनिट्स मी लिहिल्या, मोतीशेठनी सही केली.

त्याच संध्याकाळी नोटीस मीच घेऊन गेलो. राजन्नानं ओट्यावर उभ्यानंच वाचली. आतून नरसूबाईचा आवाज आला, "जेऊन जा म्हना त्याइले."

"नाई," तो आत वळून म्हणाला. "त्याइले आता इथी चालत नाई."

मी विचारलं, "म्हातारा फुकट घेत नव्हता, हे तुम्ही का नाही सांगितलं?"

"मी सांगून कोन मानते? आरोपी मी. साक्षीदार तुमी होते." आवाज चढला नव्हता. मला वाटतं, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोतीशेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"हे काल काऊन नाई बोलले?"

"विचारलं नाही."

"आता विचारून काय फायदा? सही झाली. सही झाल्यावर खाडाखोड चालत नाई, हे आमाले तुमीच शिकवलं ना? तुमच्यासाठी मोडलं तं उद्या सारेच येतीन."

वाक्य खरोखरच माझं होतं.

राजन्ना सहा महिने थांबला नाही. घाऊक माल मिळेना, ओळखीचे गाडीवान त्याचं पोतं उचलेनात. पावसाच्या तोंडावर तो बिऱ्हाड घेऊन सिरोंच्याला परत गेला. निघताना माझ्याकडे आला नाही, आणि नियमाप्रमाणे मलाही जाता येत नव्हतं. मी ऑफिसच्या खिडकीतून बैलगाडी गल्लीच्या वळणापर्यंत पाहिली. नरसूबाई मागे तोंड करून बसली होती. तिनं वर पाहिलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या पावसाळ्यातले शनिवार मला खायला उठत. दोन-तीनदा मी खाणावळीतून अर्ध्या ताटावरून उठून आलो.

पुढच्या हरताळाच्या नियमात मी एक ओळ घातली : आठवडी बाजारातील मीठ वगळून. सभेत ती दोन मिनिटांत पास झाली. कुणी का म्हणून विचारलं नाही. मी मात्र या वेळी न विचारता उभा राहिलो आणि त्या म्हाताऱ्याची सगळी हकीकत सांगितली. सगळ्यांनी ऐकली. एकजण म्हणाला, राजन्नाच्या वेळी हे कोणीतरी बोलायला पाहिजे होतं.

मी राजन्नाला सिरोंच्याच्या पत्त्यावर तीन पत्रं पाठवली. नियमाची नक्कलही जोडली. उत्तर आलं नाही. पत्रं परतही आली नाहीत, म्हणजे त्याला ती मिळाली असावीत.

निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागेवर आलेल्या नव्या सेक्रेटरीला मी एवढंच सांगितलं की, विचारणाऱ्याला काय विचारायचं ते माहीत नसतं, ते जो तिथे हजर होता त्यालाच माहीत असतं. तेव्हा न विचारता बोला. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "पण साहेब, तशी पद्धत नाही ना आपल्याकडे?"