ताडपत्रीखालची लांबनाकी

भंगाराच्या त्या आवारात त्याला सगळे आग्या म्हणत. तोंडावर आग्याकाका, पाठीमागे नुसता आग्या. नाव ऐकून नवखा माणूस जरा अंतर राखूनच उभा राहायचा. पण हा आग्या कुणाला डसल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. उलट इतका थंड माणूस, की क्रेनवाला म्हणायचा, "ह्याच्या डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवा, दुपारपर्यंत बर्फ तयार." नाव पडलं होतं ते हातातल्या आगीमुळे. गॅसचा कटर घेऊन तो जुन्या गाड्या कापायचा. सकाळी चाकांवर उभी असलेली गाडी संध्याकाळी पत्रा एका ढिगात, सांगाडा दुसऱ्यात आणि तारांचं भेंडोळं तिसऱ्यात अशी विखुरलेली असायची.

पण 'कापणे' हा शब्द आवारात कुणी वापरत नसे. तिथे गाडी 'मोकळी' करत. "ती निळी मोकळी झाली का रे?" "नाही, तिचं अडलंय, उद्या होईल." बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, भिंतीपलीकडे बाळंतपणाचा दवाखाना आहे.

आवाराच्या पुढच्या भागात रोजच्या गाड्या: ठोकलेल्या, जळलेल्या, हप्ते संपायच्या आधी संपलेल्या. मागे, भिंतीलगत, जुन्या जमान्यातल्या गाड्यांची रांग होती. गोल पाठीच्या, बटाट्याएवढ्या दिव्यांच्या, दाराखाली पाय ठेवायला लांब पाट असलेल्या. जुन्या मालकाचा त्यांच्यावर जीव होता. 'बघू, बघू' म्हणत त्याने त्या ठेवल्या आणि बघता बघता तोच गेला. मग त्यांच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. एकीच्या बॉनेटमधून झाड वर आलं होतं. एकीच्या मागच्या सीटवर मांजरीच्या तीन पिढ्या नांदल्या. रंग उडाला, गंजाचे पोपडे सुटले, आणि उन्हापावसात त्या आपल्या उभ्याच राहिल्या, लग्न आटोपल्यावरही वऱ्हाडाची गाडी न आलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.

त्या रांगेत एकच गाडी झाकलेली होती. लांबनाकी. तिचं बॉनेट इतकं लांब, की आधी गाडी यायची आणि मागाहून माणसं. ताडपत्री पार जमिनीपर्यंत ओढलेली, कडेने जुने टायर दाबून ठेवलेले, वरून दोर करकचून आवळलेला. दर पावसाळ्याआधी आग्या जुन्या ताडपत्रीवर नवी घालायचा. जुनी काढायचा नाही. काढली तर उगाच धूळ आत जायची. "मुंगी शिरायची नाही," तो अभिमानाने म्हणायचा. त्याने अभिमान बाळगावा अशी जगात एवढीच गोष्ट होती.

"आग्या, नवरीचं तोंड दाखव की एकदा!" क्रेनवाला चिडवायचा.

"तुझी नजर लागेल."

"आमच्या नजरेनं पत्रा वाकत नाही रे बाबा."

ही लांबनाकी आग्याच्या थोरल्या भावाची. म्हणजे मालकीची नव्हे. दादा तिचा ड्रायव्हर. एका डॉक्टरांच्या घरी त्याने ती उभ्या जन्मभर चालवली. डॉक्टरांची मुलं तिच्यातून शाळेत गेली, तिच्यातूनच परदेशी जायला निघाली. डॉक्टर गेले, बंगला विकला, आणि गाडी ओढत ओढत ह्याच आवारात आली. नशिबाचा खेळ असा, की एक भाऊ तिला चालवणारा आणि दुसरा कापणारा. तेव्हा दादाने पहिल्यांदा आणि शेवटचं धाकट्याकडे काही मागितलं. "आग लावू नकोस तिला," म्हणाला. आग्याने मान हलवली आणि त्याच दिवशी कुठूनतरी ताडपत्री पैदा केली.

पुढे दादाच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेकडेचं, आणि आता उजेड-अंधार एवढंच कळे. त्याला मूलबाळ नव्हतं, वहिनी केव्हाच गेली होती. तो आग्याकडे राहायला आला. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत दादाचा पलंग, दाराजवळ, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलांवरून तो माणूस ओळखी. संध्याकाळी आग्याच्या चपला वाजल्या, की ठरलेला प्रश्न.

"कशी आहे?"

"छान आहे. झाकलीय."

मग दोघे चहा प्यायचे. आग्याची बायको म्हणायची, "माझ्या गुडघ्यांचं विचारा कधीतरी. ते काय ताडपत्रीखाली आहेत?"

आता आवार मालकाच्या मुलीच्या हाती होतं. पोरगी व्यवहाराची, पण वाईट नव्हे. कामगारांना काका-मामा म्हणणारी. एके सकाळी तिने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की जागा गोदामाला द्यायची आहे, महिनाअखेर आवार रिकामं हवं. सगळे पांगल्यावर ती आग्याला म्हणाली, "काका, तुमची ती झाकलेली मला ठाऊक आहे. बाबांनी सांगून ठेवलं होतं. एक बाई येणार आहेत. जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करतात. मागच्या रांगेतून एक नेणार म्हणाल्या. मी तुमचीच दाखवते आधी."

त्या संध्याकाळी आग्याच्या चपला जरा घाईने वाजल्या. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ गुडघ्यावर बोटं वाजवत बसला.

"चालती करतात म्हणजे? रस्त्यावर?"

"रस्त्यावर."

"मग एकदा मला आत बसवायला सांग. मागे नको. पुढेच."

"चालवणार की काय?" आग्याची बायको आतून म्हणाली.

"तू बस बाजूला आणि सांग डावी-उजवी," दादा म्हणाला. "तसंही तूच सगळ्यांना चालवतेस."

घरात पुष्कळ दिवसांनी हसू फुटलं. दादाने दुसऱ्या दिवशी दाढी करून घेतली. बाई तर चार दिवसांनी यायच्या होत्या.

त्या आल्या. साधी पँट, पायात जाड बूट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. आग्याने आधीच टायर बाजूला केले होते. गाठी इतक्या मुरलेल्या, की दोर कापावा लागला. मालकीण आली, क्रेनवालाही हातातलं काम टाकून आला. नवरीचं तोंड बघायचं राहिलं होतं ना.

पहिली ताडपत्री निघाली. दुसरी निघाली. मग त्याखालच्या, एकमेकींना चिकटलेल्या, सोलाव्या लागल्या. शेवटची उचलली तसा आतून वास आला. बंद विहिरीचा, ओल्या पोत्याचा. क्रेनवाल्याच्या ओठांवर एक कोटी आली होती, ती त्याने गिळली.

वरून लांबनाकी उभीच होती. लांब नाक, गोल पाठ, सगळं जिथल्या तिथे. पण रंगाखाली फोड आले होते, आणि काचांच्या आतल्या बाजूने बुरशीचे पडदे चढले होते. बाईंनी दाराची मूठ हळूच ओढली. दार उघडलं नाही. बिजागरीतून सुटून त्यांच्या हातात आलं. खाली वाकून त्यांनी पाटाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. आतल्या जमिनीचा पत्रा भिजल्या पापडासारखा खाली गळून पडला.

"काका, कुणी झाकली होती ही?" बाईंनी विचारलं.

"मी."

बाईंनी बूट पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "खालून जमिनीची ओल वर येते. वर ताडपत्री. बाहेर जायला वाट नाही. ती रोज रात्री थेंब होऊन परत गाडीवरच पडत राहिली. वारा लागला असता तर वाळली असती." आणि शेजारच्या, बॉनेटमधून झाड आलेल्या गाडीकडे हात केला. "ही बघा. दिसायला भयंकर. पण हिची हाडं शाबूत आहेत. ही उभी राहील."

आग्याने आयुष्यभर लोखंडाचे तुकडे केले. कुठला पत्रा किती जाड, ज्योत कुठे धरली की कुठे फाटेल, हे त्याला डोळे मिटून कळे. पण लोखंडालाही श्वास लागतो, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. मेलेल्या गाड्यांशीच गाठ पडलेल्या माणसाला ते सुचावं कसं? तो गळून पडलेल्या दाराजवळ बसला आणि त्याची कड बोटाने चाचपू लागला. कड पिठासारखी झडत होती. जिला उन्हातान्हात टाकली ती वाचली, आणि जिला डोळ्यात तेल घालून जपली ती गेली. ह्यावर रागवायचं म्हटलं तरी कुणावर?

घरी जाताना तो लांबच्या रस्त्याने गेला. बायकोने तोंड बघूनच ओळखलं. मोरीपाशी हात धुता धुता त्याने तिला हळू आवाजात सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "दादांना सांगू नका. बाईंनी नेली म्हणा. रस्त्यावर पळतेय म्हणा. त्यांना कुठे दिसणार आहे? झाकली मूठ आहे, राहू द्या झाकलेली."

आग्या ओले हात तसेच धरून उभा राहिला. "झाकूनच तर घालवली," तो म्हणाला.

बाहेर दादा ताटकळला होता. "अरे, झालं काय? पसंत पडली का नाही?"

"उद्या सकाळी आवारात चल माझ्याबरोबर," आग्या म्हणाला. "तिथेच सांगतो."

दादाचा चेहरा उजळला, कारण त्याने त्याचा भलताच अर्थ घेतला. आग्याच्या बायकोने कपाळाला हात लावला.

सकाळी रिक्षातून उतरून आग्याने दादाला हाताला धरून मागच्या रांगेत नेलं. दादाने ठेवणीतला सदरा घातला होता. लांबनाकीपाशी येताच आग्या थांबला. दादाने हात पुढे केला, तेवढ्यात आग्या म्हणाला, "दादा, ती कुजलीय. संपलीय. मीच कुजवली, झाकून झाकून."

दादाचा हात हवेतच राहिला. मग तो खाली आला, बॉनेटवर. बोटं नाकाच्या टोकापर्यंत गेली, परत आली, मडगार्डच्या वळणावर फिरली. तिथे एक बारीक पोचा होता. दादा त्यावर घटकाभर थांबला. "हा मी डॉक्टरांना कधी कळू दिला नाही," तो म्हणाला. मग हात खाली पाटाकडे गेला, आणि पाट त्याच्या मुठीत चुरा होऊन आला.

त्याने चुरा नाकाशी नेला. टाकला नाही.

"तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि रोज सांगायचास ते? छान आहे, छान आहे?"

"मला छानच वाटत होती."

"उघडून बघितलीस एकदा तरी?"

"नाही."

"गाढवा." दादाचा आवाज चढला तेव्हा पलीकडे क्रेन थांबली. "आग लावू नकोस म्हणालो होतो मी! कोंडून घाल म्हणालो होतो का?"

क्रेनवाला उगाच दुसरीकडे बघू लागला. दादा गाडीला पाठ लावून उभा राहिला. पाठ लावताच गाडी कुरकुरली, तसा तो सावरून पुन्हा पायांवर उभा राहिला.

तो म्हणाला, "मी तरी कुठे विचारलं, उघडून बघतोस का म्हणून. तू म्हणायचास छान, मी म्हणायचो बरं. दोघांचा चहा गोड व्हायचा." मग मान वळवली. "शेजारी कोण आहे?"

"हिच्याच कारखान्याची. हिच्याहून धाकटी. उघड्यावर होती. बाई तिला उभी करणार आहेत."

"मग हिचं चांगलं असेल ते तिला जाऊ दे. गिअर, दिवे, काय निघेल ते."

"स्टिअरिंग आपण घरी नेऊ या?"

"आणि करू काय? ताट वळवू त्यानं?" दादा म्हणाला. "जी चालेल तिला लाव."

मालकिणीने माणसं दिली. दुपारपर्यंत दिवे, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, शाबूत होतं ते सगळं निघून शेजारणीच्या पायाशी लागलं. उरलेल्या सांगाड्याकडे बघून आग्या क्रेनवाल्याला म्हणाला, "तू घे उचलून. माझ्याच्यानं होणार नाही."

"नाही," दादा म्हणाला. कुणीतरी त्याला दुसऱ्या गाडीतून काढलेल्या एका सीटवर बसवलं होतं. "परक्याचा हात नको. तूच कर. मी आहे इथे."

आग्याने चष्मा चढवला, नळ्या ओढल्या, कटर पेटवला. फुर्रर्र आवाज होताच दादाची मान वर झाली. डाव्या मडगार्डपासून सुरुवात झाली.

"काय निघालं?" दादाने ओरडून विचारलं.

"मडगार्ड. वरून चांगलं. खाली काही नाही."

"आता?"

"छप्पर. ते खणखणीत आहे अजून."

"असणारच. आणि आता?"

"मागची जमीन. ज्योत लावायचीही गरज नाही. आपोआप पडतेय."

प्रत्येक तुकड्याचं जसं होतं तसं आग्या सांगत गेला, आणि दादा मान हलवत गेला. लोखंड लाल होई, फाटे, पडे. उन्हात ज्योत दिसत नव्हती, नुसता तिचा ताप जाणवत होता. मग एकाएकी आवाज बारीक झाला.

"का रे?"

"तुझ्या सीटपाशी आलोय." आग्याने चष्मा कपाळावर सरकवला. "थांबू का जरा?"

दादाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, अंतरावर, जसे तो स्टिअरिंगवर ठेवत असे.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "चढावर मध्येच थांबलं, की गाडी मागे येते."

आग्याने चष्मा खाली ओढला.